बंडूचं प्रायश्चित्त

चर्चच्या पायरीशी आलं की दिवाकरराव बंडूचे जोडे काढत.

ऐकायला हे सोपं वाटतं, करायला नाही. बंडू राहायचा टीव्हीत. सहाशे वर्षांपूर्वीच्या, युरोपातल्या कुठल्याशा चिखलाच्या गावात कमरेला तलवार लावून हिंडणारा तो एक स्वार. आणि त्याला हिंडवणारे दिवाकरराव महाराजपूरच्या घरात, आरामखुर्चीत, उजवा पाय उशीवर ठेवून. जोडे काढायचे तर आधी खेळ थांबवायचा, बंडूचं गाठोडं उघडायचं, चिलखत, टोपी, पाव, कांदे यांच्या गर्दीतून जोडे शोधायचे, उतरवायचे, मग आत शिरायचं. बाहेर आलं की हेच सगळं उलट. एकदा घालायचे विसरले, तर बंडूने अनवाणी तीन दरोडेखोरांशी लढाई केली आणि वर गावातल्या एका म्हातारीने त्याला भिकारी समजून हाकललं.

"बाबा, त्यांच्यात जोडे घालूनच जातात आत," त्यांची सून समृद्धी म्हणाली. तिच्या खांद्यावर दुर्वा होती, साडेपाच महिन्यांची, आजोबांकडे न्यायाधीशासारखी बघत.

"जात असतील त्यांच्यात. बंडू आपल्यातला आहे."

बंडू हे त्यांच्या धाकट्या भावाचं नाव, जो अमरावतीला सुखाने राहत होता. खेळाने सुरुवातीला नायकाचं नाव विचारलं तेव्हा दिवाकररावांनी क्षणभरही विचार केला नाही. लहानपणी त्याला एकदाही मारता आलं नाही, आईमागे लपायचा. आता खाऊ दे मार, असं त्यांचं म्हणणं.

खेळ मुलाने, गौतमने आणून दिला होता. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आई नागपूरला ताईच्या बाळंतपणाला अडकली, आणि आयुष्यभर तोफांच्या कारखान्यात उभं राहून काम केलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसून सगळ्यांच्या चुका काढू लागला. भाजीवाला चोर, पंखा वाकडा, समृद्धीचा कुकर एक शिट्टी जास्त घेतो. "बाबांना कुठंतरी गुंतवायला पाहिजे," असं म्हणून गौतमने मशीन टीव्हीला जोडलं आणि स्वतः सकाळी आठला कंपनीत निघून गेला. गुंतले ते असे की आता गुडघ्याचीही शुद्ध नव्हती.

आणि खरी काळजी तीच होती. गुडघा वाकत नव्हता.

सदर भागातून रोज अकरा वाजता स्कूटीवर मर्सी यायची, व्यायाम करवून घ्यायला. प्लास्टिकची कोन मोजायची पट्टी गुडघ्याला लावायची आणि आकडा सांगायची. महिन्याच्या पहिल्या तारखेला तिने सांगितला बासष्ट.

"अंकल, बारह तारीख को डॉक्टर साहब देखेंगे. नब्बे चाहिए. नहीं हुआ तो वापस अंदर ले जाएँगे, बेहोश करके मोड़ेंगे."

"हो जाएगा बेटा, हो जाएगा," दिवाकरराव म्हणाले. त्यांचं लक्ष टीव्हीकडे होतं.

मर्सी असेपर्यंत ते दात खाऊन टाच खुर्चीखाली ओढायचे. ती गेली की "झाले माझे, तू आत होती तेव्हा केले," असं समृद्धीला सांगायचे. केलेले नसायचे. फरशीवर पाय घसरावा म्हणून दुर्वाची पावडर शिंपडलेली असायची, आणि त्या पांढऱ्या थरावर एक रेघसुद्धा नसायची. समृद्धीने ते पाहिलं होतं. बोलली नव्हती. सासऱ्याला खोटं पाडायचं कसं? आणि बाळंतपणाची रजा संपून सोळा तारखेला तिला राइट टाउनच्या बँकेत कामावर हजर व्हायचं होतं हा तिचा प्रश्न होता, त्यांच्या गुडघ्यावर टाकायचा नव्हता. पण 'बेहोश' हा शब्द ऐकला की ती हातातलं काम थांबवायची. पहिल्या वेळी आत नेलं तेव्हा दारापाशी तीच उभी होती.

त्याच दिवशी दुपारी बंडूच्या हातून पाप घडलं.

झालं असं. बंडू अनवाणी पायांनी चर्चमध्ये वेदीसमोर उभा होता. भिंतीवर नरकाचं मोठं चित्र, त्यात पापी लोक कढईत. दिवाकररावांनी ते कौतुकाने पाहिलं.

"आपल्याकडेही कढयाच आहेत. नरकातला स्वयंपाकी एकच दिसून राहिला," ते म्हणाले. "समृद्धी, हात जोडायचं बटन कोणतं ग?"

"नसेल बाबा तसं."

"काहून नसेल? एवढं देऊळ बांधलं, नमस्कार नाही ठेवला?"

आणि ते एकेक बटन दाबून पाहू लागले. पहिल्या बटनाला बंडूने उडी मारली. दुसऱ्याला शीळ घातली, बाहेर घोडा खिंकाळला. तिसऱ्याला तलवारच उपसली, मागे बसलेली एक बाई किंचाळली. "अरे अरे, ठेव, ठेव," असं बंडूला दटावत त्यांनी घाईघाईने चौथं दाबलं, आणि बंडूने वेदीवरचा चांदीचा वाडगा उचलून गाठोड्यात टाकला.

मग काय विचारता. घंटा वाजायला लागली. शिपाई धावले. बंडूला वाटलं तरी पळता येईना, पायात जोडे नव्हते. चौकात नेऊन त्याला लाकडी खोड्यात अडकवलं, गावाने सडका कोबी फेकून मारला आणि दिवाकररावांनी हातातलं यंत्र मांडीवर ठेवून दिलं.

"आमच्या सात पिढ्यांत कोणी देवाच्या ताम्हनाला हात नाही लावला," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"बाबा, खेळ आहे तो."

"खेळ आहे. पण बटन कोणाच्या अंगठ्याने दाबलं?"

संध्याकाळी पोळी अर्धीच खाल्ली. दुसऱ्या दिवशी खोड्यातून सुटलेल्या बंडूशी गावात कोणी बोलेना. पाववाला पाव देईना. शेवटी खेळानेच पडद्यावर सुचवलं की पाद्र्याकडे जाऊन पाप कबूल करावं. पाद्री सापडला गुत्त्यात. नाक लाल, समोर बिअरचं मडकं, मांडीवर मांजर. तिथेच त्याने गळ्यात एक पट्टा अडकवला, बंडूला समोर बसवलं आणि बोलू लागला. खाली इंग्रजी अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. कारखान्यातलं इंग्रजी दिवाकररावांना येत होतं, पण या मुंग्या खुर्चीपासून दिसत नव्हत्या.

"समृद्धी! लवकर ये. काय म्हणून राहिला तो, वाचून सांग."

समृद्धी दुर्वाला थोपटत टीव्हीपाशी आली. पाद्री म्हणत होता की टेकडीवरच्या संताच्या समाधीपर्यंत पायी जा, घोडा नको, तलवार नको, आणि तिथे प्रार्थना कर. तिने तेवढंच सांगितलं. आणि मग तिची नजर फरशीवरच्या पावडरीकडे गेली. रेघ नव्हती.

"आणि," ती म्हणाली, "सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस वेळा गुडघा वाकवायचा."

"गुडघा?"

"हो ना. त्यांच्यात गुडघ्यावरच येतात देवासमोर."

दिवाकररावांनी पाद्र्याकडे पाहिलं. पाद्री ढेकर देत होता.

"बंडूने?"

समृद्धीने जीभ चावली, पण बाण सुटला होता. "ज्याच्या हातून पाप झालं त्याने, असं म्हणून राहिला तो."

दिवाकररावांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. मग उशी बाजूला केली, पाय पावडरीवर टेकवला आणि टाच मागे ओढायला सुरुवात केली. "एक," ते म्हणाले. आवाज असा की कोणी दाढ उपटून राहिलं आहे. "बरोबर आहे त्याचं. पितो, पण बोलतो न्यायाचं. दोन."

वीस झाले तेव्हा कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर वाडगा परत केल्याचं समाधान.

त्यानंतर पाद्री रोज नवीन काहीतरी सांगू लागला. बंडू समाधीच्या वाटेवर निघाला होता. वाटेत मठ लागायचे, साधू भेटायचे, प्रत्येकजण थांबवून दोन शब्द सुनावायचा. समृद्धीला एकदा चव लागल्यावर हात आखडेना. एका टकल्या साधूने सांगितलं की टाच खाली ओढल्यावर दहापर्यंत मोजावं. एका जोगिणीने फर्मावलं की चौथा चहा मागणं हे लोभाचं लक्षण आहे. विहिरीपाशी बसलेल्या एका आंधळ्या भिक्षूने तर असंही सांगितलं की सुनेच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्याला स्वर्गात जागा नाही.

"हे पण लिहिलंय?" दिवाकररावांनी डोळे बारीक करून विचारलं.

"जुन्या काळातला कुकर असेल काहीतरी," असं म्हणून समृद्धी स्वयंपाकघरात पळाली आणि दुर्वाच्या लंगोटांच्या ढिगात तोंड खुपसून हसली.

पण गुडघा! चौथ्या तारखेला एकाहत्तर. सहाला अठ्ठ्याहत्तर. आठला मर्सीने पट्टी दोनदा लावली. "छियासी! अंकल, क्या खा रहे हो?"

"प्रायश्चित्त," दिवाकरराव ऐटीत म्हणाले. आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं, वाडग्यापासून. मग विचारलं, "तुम्हारे यहाँ ऐसा ही होता है ना, मर्सी बेटा? सुबह बीस, शाम को बीस?"

मर्सीने मान वर केली. दारात समृद्धी उभी होती, आणि डोळ्यांनी हात जोडत होती.

"पुराने ज़माने में..." मर्सी सावकाश म्हणाली, "बहुत सख़्ती थी, अंकल."

"और फादर लोग दारू पीते हैं?"

"हमारे वाले तो शुगर के मरीज़ हैं. चाय भी फीकी." तिने पट्टी पिशवीत घातली. "इस गेम में अंकल, चर्च में या तो पापी हैं या पादरी. हमारे यहाँ पाप करने की फुर्सत किसको है? इतवार को कुर्सियाँ कौन लगाएगा, फूल किसके घर से आएँगे, क्वायर में आगे कौन खड़ी होगी, इसी में साल निकल जाता है."

"मग आमच्या गणेशोत्सवासारखंच की!" दिवाकरराव खूश झाले. "और प्रसाद? इसमें प्रसाद ही नहीं दिखता."

"मिलता है अंकल. बनाने वालों को सूझा नहीं होगा."

फाटकापाशी मात्र मर्सी स्कूटी सुरू न करता थांबली.

"दीदी, आपने किया ना ये?"

समृद्धीने हो म्हटलं.

"घुटना अच्छा हो रहा है, मैं क्या बोलूँ. लेकिन गेम वालों ने बेचारे को पहले ही दारू के अड्डे में बैठा रखा है, ऊपर से आप उसके मुँह में झूठ डाल रही हो. डालना ही है तो मेरे मुँह में डाल दो. मैं रोज़ डाँट खाती हूँ, मुझे आदत है." ती हसली, पण पूर्ण नाही. हेल्मेट घालून निघून गेली.

समृद्धीला दिवसभर ते टोचत राहिलं. बारा तारीख होऊ दे, मग सांगते, असं तिने स्वतःला समजावलं. चार दिवसांचा तर प्रश्न.

पण ज्या माणसाने छत्तीस वर्षं तोफेच्या नळीतला केसाएवढा फरक पकडला, त्याच्या हाती यंत्र देऊन त्याने आतली कळ शोधू नये ही अपेक्षाच चूक. नऊ तारखेला दुपारी समृद्धी दुर्वाला नाचणीसत्व का नको, डॉक्टर काय म्हणाले ते आपल्या आईला फोनवर सांगत बाहेर आली आणि जागीच थबकली. टीव्हीवर अक्षरं होती दुकानाच्या पाटीएवढी. दिवाकररावांना मोठ्या अक्षराची कळ सापडली होती. एवढंच नाही, पाद्र्याचं जुनं बोलणं जिथे साठवलेलं असतं ते पानही सापडलं होतं. तिथे टेकडी होती, समाधी होती, प्रार्थना होती. गुडघा नव्हता. चहा नव्हता. कुकर तर नव्हताच नव्हता.

दिवाकररावांनी टीव्ही बंद केला.

"दोनशे ऐंशी," ते म्हणाले. "इतक्या वेळा वाकवला मी."

"बाबा..."

"माझ्या देवाच्या नावाने खोटं बोलली असती तर मी भांडून घेतलं असतं. दुसऱ्याच्या घरच्या देवाला साक्षीला उभं केलं. आणि त्या पोरीसमोर मला विचारू दिलं."

त्यांनी पाय उचलून उशीवर ठेवला. संध्याकाळचे वीस झाले नाहीत. दहा तारखेला मर्सीलाही पायाला हात लावू दिला नाही, फक्त मोजू दिलं. चौऱ्याऐंशी. गौतमने रात्री जेवताना समजावलं, तर त्यालाच पंख्याचं सुनावलं. समृद्धीने मर्सीला फोन केला. ती म्हणाली, "दीदी, दो दिन रुका तो जकड़ जाएगा. फिर बेहोशी ही है."

अकरा तारखेला सकाळी गौतम गेल्यावर समृद्धीने दुर्वाला झुलत्या खुर्चीत ठेवलं, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि सासऱ्यांसमोर बसली.

"बाबा, तुम्ही फादर व्हा. मला कबूल करायचं आहे."

"मी पीत नाही," दिवाकरराव खिडकीकडे बघत म्हणाले.

"फिका चहा घेणारे पण असतात."

ते हसले नाहीत. पण मान थोडी वळली.

मग तिने सगळं सांगितलं. कोणत्या साधूच्या तोंडी काय घातलं ते, आणि जे त्यांना कळलं नव्हतं तेही: अमरावतीच्या बंडूकाकांना फोन करा असं सांगणारा एक मेंढपाळ वाटेत भेटला होता, तोसुद्धा तिचाच. "मला खोटं पाडायचं नव्हतं तुम्हाला. पावडरीवर रेघ नसायची बाबा. रोज बघत होते. आणि मला भीती वाटून राहिली होती. मागच्या वेळी तुम्ही शुद्धीवर आले तेव्हा..."

ती थांबली. बाकीचं दिवाकरराव बोलले.

"तेव्हा मला हिचं नाव आठवलं नाही." त्यांनी दुर्वाकडे पाहिलं. "अर्धा तास. सगळी नावं आठवली, त्या बंड्याचंसुद्धा. हिचं नाही. पाय वाकवला की दुखतं, दुखलं की मला तो अर्धा तास आठवतो. म्हणून नाही वाकवत होतो. चलो, माझंही कबूल झालं."

दुर्वाने मूठ तोंडात घातली.

"आता प्रायश्चित्त सांगा," समृद्धी म्हणाली.

दिवाकररावांनी घसा साफ केला. खांद्यावरचा टॉवेल पट्ट्यासारखा गळ्यात घेतला. "दोनशे ऐंशी उठाबशा. कान धरून."

"बाबा! हे फादरचं की गणपतीचं?"

"कंपनी वेगळी, माल तोच. चल. एक."

समृद्धीने कान धरले आणि बसली, उठली. बसली, उठली. नवव्या उठाबशीला दुर्वा, जी आजवर फक्त गालातल्या गालात हसायची, तिने आई खाली गेल्याबरोबर असा खदखदून हसण्याचा धबधबा सोडला की दोघंही दचकले. आई वर आली, दुर्वा गप्प. आई खाली, दुर्वा खदखदली. पंचवीसला समृद्धीच्या मांड्या थरथरू लागल्या. चाळीसला तिने भिंत धरली. बाळंतपणानंतर पायऱ्या चढणं एवढाच तिचा व्यायाम होता.

"थांब, थांब, मरशील. उरलेल्या राहू दे."

"दोनशे चाळीस उरल्या."

"मी घेतो माझ्या अंगावर. असं चालत असेल त्यांच्यात."

पण दुर्वाला हिशेब मान्य नव्हता. आई थांबली तसं तिने ओठ पुढे काढले, हनुवटी थरथरली. आता भोकाड निघणार हे दोघांनाही कळलं. समृद्धीला उठवेना. तेव्हा दिवाकररावांनी उशी फेकली, पाय पावडरीवर टाकला, टाच सर्रकन मागे ओढली आणि म्हणाले, "भो!"

दुर्वा खदखदली.

टाच पुढे. दुर्वा गंभीर. टाच मागे, "भो!" खदखद. दिवाकररावांच्या तोंडून "आई ग" निघालं, तर दुर्वाला तेही भलतंच आवडलं; मग "आई ग"सुद्धा दर वेळी म्हणावं लागलं. जरा कमी ओढली तर ती हसायची नाही. पट्टीपेक्षा पोरगी कडक होती. दूध पिऊन झाल्यावर पुन्हा, झोपून उठल्यावर पुन्हा, चारला पुन्हा. किती झाले ते कोणी मोजलं नाही. टीव्ही लावायचा राहूनच गेला. बंडू टेकडीच्या पायथ्याशी उभा असेल तर उभा असेल.

मर्सी अकरा वाजता येऊन हा तमाशा बघत दारातच उभी राहिली होती. समृद्धीने तिला तिथेच सांगितलं, "मैंने बता दिया सब."

"और अंकल ने माफ़ किया?"

"उठाबशा दिल्या."

"अच्छा," मर्सी म्हणाली, "हमारे फादर को बताती हूँ. बच्चों की संडे क्लास में काम आएगा."

बारा तारखेला दुपारी चार वाजता राइट टाउनच्या दवाखान्यासमोर ऑटो थांबला. आधी दिवाकरराव उतरले, एका हाताने दुर्वाला छातीशी धरून, दुसऱ्या हाताने ऑटोचा दांडा धरून, हळू पण स्वतःचे स्वतः. मागून समृद्धी उतरायला गेली आणि मांड्यांतून अशी कळ निघाली की ती अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबकळत राहिली. ऑटोवाल्या भैयाने हात दिला. तीन पायऱ्या होत्या. पहिलीवर ती "आई ग" म्हणाली, आणि आजोबांच्या कुशीतून दुर्वा मोठ्यांदा हसली.

आतून कंपाउंडर चाकांची खुर्ची ढकलत धावत आला. त्याने वाकून चालणाऱ्या तरुण बाईकडे पाहिलं, तिच्यापुढे ताठ उभ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची सरळ समृद्धीच्या मागे लावली.

"बैठिए मैडम. घुटना कौन सा है?"

"दोनों," दिवाकरराव गंभीरपणे म्हणाले. "बहुत पाप किया है इसने."

आत डॉक्टरांनी पट्टी लावली तेव्हा आकडा आला ब्याण्णव. दिवाकररावांनी तो तीनदा मोठ्याने वाचायला लावला, आणि बाहेर, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या समृद्धीला तो तिन्ही वेळा ऐकू आला.